पहिली ते चौथीचा वर्ग: मुलांना स्वतः विचार करायला लावण्यासाठी नव्या शिक्षकांना मार्गदर्शन

तिसरीच्या वर्गाला कोरे कागद वाटा आणि नुसतं 'चित्र काढा' म्हणा. बहुतेक कागदांवर दोन डोंगर येतात, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत गेलेली नदी, काठावर घर आणि शेजारी नारळाचं झाड. ज्या गावात नारळ औषधालाही सापडत नाही तिथेही तो येतो. मुलांकडे कल्पना नसतात म्हणून असं होत नाही. विषय फार मोकळा ठेवला की मूल आधी कौतुक झालेली, हमखास जमणारी गोष्ट काढतं. त्याच मुलांना सांगा, 'शाळेच्या पत्र्यावर बसलेल्या कावळ्याला आपलं मैदान कसं दिसत असेल ते काढा.' आता मैदान आठवावं लागतं, वरून हातपंप कसा दिसेल हे ताडावं लागतं, आणि नक्कल करायला नमुना कुठेच नसतो. कागद एकमेकांपासून वेगळे निघतात.

मुलांचा विचार सुरू व्हायला मोकळीक लागते, पण त्याआधी एक नेमकी, सोडवण्याजोगी अडचण लागते. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. डोळ्यांपुढे ठेवली आहे ती जिल्हा परिषदेची किंवा तशीच मराठी शाळा: एका खोलीत दोन इयत्ता, २४ ते ३० मुलं, साहित्याला पैसे जेमतेम.

आधी एक गैरसमज दूर करू

'हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं, तिसरं हाताने करून शिकणारं' अशी वर्गवारी प्रशिक्षणांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत असते. ती करू नका. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं, या दाव्याला पुरेसा आधार नाही. २००८ मध्ये पॅश्लर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासून हाच निष्कर्ष काढला. शिक्का मारण्याचा तोटा मात्र लगेच दिसतो. 'ही ऐकून शिकते' असं ठरलं की तिच्या हातात काड्या द्यायचं राहून जातं.

मुलं एकमेकांपेक्षा वेगळी असतात हे खरंच आहे. एक रोज दुकानातून किराणा आणतो, त्यामुळे त्याला सुट्ट्या पैशांचा हिशोब पक्का येतो. एकीच्या घरी अहिराणी, पावरी किंवा गोरमाटी बोलतात, त्यामुळे पुस्तकातला शब्द तिला अडतो. एकाला फळाच दिसत नाही. हे शेवटचं विशेष लक्षात ठेवा. फळ्यावरचं उतरवून न घेणारं, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं मूल आळशी ठरण्याआधी त्याला ३ मीटरवरून फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगा. शंका आली तर पुढे बसवा, पालकांना सांगा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येईल तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून द्या.

म्हणजे करायचं ते इतकंच: प्रत्येक मुलासाठी वेगळा धडा नाही, तर एकच संकल्पना सगळ्या मुलांना तीन-चार वाटांनी. कोणत्या वाटेने कोणाला उलगडेल हे आधी सांगता येत नाही, आणि दोन वाटा माहीत असलेलं मूलच त्यांची तुलना करू शकतं. नवा विचार बहुतेक वेळा त्या तुलनेतून निघतो.

एक नमुना जवळून: दुसरीची ५२ − २७

हातच्याची वजाबाकी घेतली आहे, कारण इथे मुलं सर्वांत जास्त अडतात. ३५ हे उत्तर हमखास येतं. मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं: ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. हा निष्काळजीपणा नाही, त्याने स्वतःसाठी बनवलेला नियम आहे. 'चूक' म्हणून फुली मारली तर नियम डोक्यात तसाच राहतो.

साहित्य: चार मुलांच्या प्रत्येक गटाला दहा-दहाचे ६ गठ्ठे आणि १० सुट्या काड्या. सहा गटांना मिळून ४२० काड्या लागतात. खराट्याचे हीर १० सेंटिमीटरचे कापून घ्या, टोकं घासून बोथट करा आणि गठ्ठ्यांना रबरबँड लावा. दोरा नको, मुलांना सोडता-बांधता येत नाही. शिवाय प्रत्येक गटाला खेळण्यातल्या दहाच्या ६ नोटा आणि एक-दोनची नाणी.

पहिला दिवस, काड्या. ५ गठ्ठे आणि २ सुट्या मांडायला सांगा. '२७ मला द्या.' एवढंच बोला आणि थांबा. सुट्या दोनच आहेत, द्यायच्या आहेत सात. इथे मुलं एकमेकांकडे बघतात आणि तुम्हाला सांगून टाकण्याचा मोह होतो. दोन मिनिटं काहीच बोलू नका. कोणीतरी एक गठ्ठा सोडतं. काही गट सगळेच गठ्ठे सोडून ५२ काड्या मोजत बसतात. त्यांनाही अडवू नका. उत्तर २५ येऊ द्या आणि मग विचारा, 'शेजारच्या गटाने एकच गठ्ठा सोडला, तुम्ही पाचही सोडले. उत्तर तेच कसं आलं?' पुढचं उदाहरण करताना बहुतेक गट आपोआप कमी गठ्ठे सोडतात.

दुसरा दिवस, पैसे. '५२ रुपये आहेत. २७ ची वही घ्या.' दुकानात जाणारी मुलं गठ्ठा सोडण्याची रीत वापरतच नाहीत. दहाच्या तीन नोटा देतात आणि ३ रुपये परत मागतात. उरले दोन नोटा, २ आणि ३, म्हणजे २५. ही पूर्ण वेगळी रीत आहे. फळ्यावर ती सुचवणाऱ्याच्या नावाने लिहा.

तिसरा दिवस, उड्या. फरशीवर खडूने संख्यारेषा आखून एकाला २७ वर उभं करा आणि ५२ पर्यंत जायला सांगा. २७ वरून ३० ला ३, तिथून ५० ला २०, मग २. उड्यांची बेरीज २५. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधलं अंतरही असतं, हे फक्त काड्यांवरून कळत नाही.

चौथ्या दिवशी उभी मांडणी लिहा आणि हातचा म्हणजे पहिल्या दिवशी सोडलेला गठ्ठाच हे मुलांकडून वदवून घ्या. मग उलटा प्रश्न: 'उत्तर २५ येईल अशा वजाबाक्या बनवा. निदान एकीत हातचा हवा.' याला शेकडो उत्तरं आहेत. गणितात कच्चं मूल २६ − १ देतं, तयारीचं मूल १०० − ७५ देतं, आणि दोघंही बरोबर असतात. एकाच वर्गात वेगवेगळ्या पातळ्यांची मुलं सांभाळायला यापेक्षा सोपी युक्ती नाही.

इथे दोन ठिकाणी गाडी घसरते. पहिलं, चारही वाटा एकाच तासात दाखवणं. मुलांचा गोंधळ उडतो आणि एकही हाताला बसत नाही. दुसरं, 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिणं. मराठीत एकक आधी उच्चारतात म्हणून हे घडतं. त्यासाठीच २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली. संख्या तोंडी सांगताना दोन्ही प्रकारे सांगा, कोणती रीत बरोबर हा वाद मोठ्यांवर सोडा.

प्रश्न आणि थांबणं

सगळ्यात स्वस्त बदल इथे आहे. अमेरिकेत शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या आसपास वर्गांतले संवाद टेप करून मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ३ सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प मुलं बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. म्हणून प्रश्न विचारा आणि मनात सावकाश पाच मोजा. सुरुवातीला ही शांतता अवघड वाटते, पण आठवडाभरात मुलांना सवय होते.

हात वर करायची पद्धत काही काळ बंद ठेवा, नाहीतर तीच चार मुलं वर्ग चालवतात. आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून डब्यात ठेवा, प्रश्न विचारून, पाच मोजून मग काडी उचला. काडी आधी उचलली तर बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. अवघड प्रश्नाला आधी एक मिनिट एकट्याने विचार, मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलणं, मग काडी.

उत्तर आल्यावर लगेच 'शाब्बास' म्हणू नका. हे ऐकायला कोरडं वाटतं, पण शाब्बास म्हटलं की वर्गाला कळतं, उत्तर सापडलं, आता विचार नको. त्याऐवजी तीन प्रश्न तोंडात बसवा: 'कशावरून?', 'आणखी कुणाला वेगळं वाटतंय?', 'हे असं नसतं तर?' कौतुक करायचंच आहे तर नेमकं करा: 'तू आधी अंदाज केलास आणि मग मोजलंस.' सगळ्या वर्गाचं एका सुरातलं 'हो बाई' किंवा 'हो सर' म्हणजे समजल्याची खूण नव्हे. 'समजलं का?' हा प्रश्नच टाळा आणि 'शेजाऱ्याला समजावून सांग' म्हणा.

पाठ्यपुस्तकातले प्रश्न फेकून द्यायचे नाहीत, वळवायचे. 'झाडाचे भाग सांगा' ऐवजी 'मूळ नसलेलं झाड किती दिवस टिकेल, आणि आपण ते कसं तपासू?' 'पोस्टमन काय करतो?' ऐवजी 'पत्त्यावर गावाचं नाव लिहायचं राहिलं तर पत्र पोहोचेल का?' रोज एकच प्रश्न असा वळवा, पण टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, आदल्या दिवशी लिहून ठेवा. चांगला प्रश्न आयत्या वेळी सहसा सुचत नाही.

घरची भाषा

शिक्षकाला मुलांची घरची भाषा येत नसेल तर वर्ग गप्प दिसतो आणि शिक्षकाला वाटतं, मुलांना सुचतच नाही. विचार त्यांच्या भाषेत चालू असतो. जोडीतली चर्चा घरच्या भाषेत होऊ द्या, सांगताना जमेल तेवढी मराठी. भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावा: एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला मुलांनी सांगितलेला. दर आठवड्याला पाच शब्द पुरेत. शिक्षक आपला शब्द शिकतो आहे, उच्चार सुधारून घेतो आहे, हे पाहून न बोलणारी मुलं बोलती होतात.

खोलीची मांडणी

पहिल्याच आठवड्यात सगळं बदलू नका. आधी एक कोपरा, तो दोन आठवडे नीट चालला की दुसरा.

वाचनाचा कोपरा सर्वांत सोपा. भिंतीला ९० सेंटिमीटर उंचीवर सुतळी बांधा, पहिलीच्या मुलाच्या छातीशी येते. त्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी किंवा मधोमध उघडून १५-२० पातळ पुस्तकं टांगा. बंद कपाटातली पुस्तकं वाचली जात नाहीत, कारण मुखपृष्ठच दिसत नाही. दर सोमवारी निम्मी पुस्तकं बदला.

मग वस्तूंचा कोपरा: बाटल्यांची झाकणं, चिंचोके, सागरगोटे, काड्यापेट्या, पुठ्ठे, दोरा, जुनी कॅलेंडरं. खोक्यांवर शब्द लिहा आणि आत काय आहे त्याचं चित्र काढा, म्हणजे पहिलीची मुलंही वस्तू जागेवर ठेवतात. परिसरातल्या वस्तूंमधून शिक्षणाचं साहित्य उभं करण्याची वाट महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला, नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ती घालून दिली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली होती.

गट चारांचे करा. सहा मुलांच्या गटात दोघं नुसती बसतात. हुशार आणि कच्ची अशी विभागणी नको, मिसळलेले गट करा आणि कामं वाटून द्या: एक साहित्य आणेल, एक वेळ पाहील, एक लिहील, एक वर्गाला सांगेल. कामं दर सोमवारी फिरवा, नाहीतर सुंदर अक्षराची मुलगी वर्षभर लिहीतच राहते आणि तिला बोलायची संधी मिळत नाही.

दोन इयत्ता एकत्र असतील तर एकीला तुमच्याबरोबर २० मिनिटं आणि दुसरीला स्वतःचं करायचं कार्ड, मग अदलाबदल. कार्डावर तीनच ओळी: काय घ्यायचं, काय करायचं, झाल्यावर काय करायचं. तिसरी ओळ विसरलात तर लवकर आटोपलेली मुलं तुमच्याभोवती गोळा होतात.

परिसर अभ्यासात: आधी अंदाज, मग करून बघणं

तरंगणं-बुडणं हा प्रयोग सगळेच घेतात, पण बहुतेक वेळा शिक्षक टाकतो आणि मुलं बघतात. तो असा घ्या. प्रत्येक गटाला एक घमेलं, निम्म्यापर्यंत पाणी आणि आठ वस्तू: खिळा, खोडरबर, सुकं पान, दगड, प्लास्टिकचं झाकण, खडू, लाकडाचा तुकडा, मेणबत्तीचा तुकडा. वहीत आठ ओळी आणि दोन रकाने, 'अंदाज' आणि 'झालं काय'. अंदाज पेनने लिहायला लावा. पेन्सिलने लिहिलेले अंदाज मुलं निकाल पाहून गुपचूप खोडतात, कारण चुकणं त्यांना लाजिरवाणं वाटतं. सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की चुकलेल्या अंदाजाखाली रेघ मारायची आहे, त्याच ओळीवर आपण सगळ्यात जास्त बोलणार आहोत.

यानंतर खरी अडचण द्या: 'बुडणारी वस्तू तरंगवा.' प्रत्येक गटाला २५ ग्रॅम तेलकट खेळाची माती, म्हणजे प्लॅस्टिसिन. गोळा बुडतो. कोणी चपटा करतं, तोही बुडतो. कोणीतरी कडा वर वळवतं आणि वाटी तरंगते. आता त्या वाटीत एकेक चिंचोका ठेवत जायचं आणि बुडेपर्यंत मोजायचं. मग एकच सूचना: 'हीच माती, पण जास्त चिंचोके न्यायचे आहेत. होडीत काय बदलाल?' १५ मिनिटं द्या आणि प्रत्येक प्रयत्नाचा आकार व आकडा लिहून घ्या. पातळ, रुंद तळ आणि उंच कडा हे मुलं स्वतः शोधतात.

शेतातली माती वापरू नका, पाण्यात विरघळते आणि प्रयोगाचा चिखल होतो. घमेल्याखाली जुनं पोतं घाला. आणि 'कोणाचा गट पहिला' असं जाहीर करू नका. स्पर्धा लागली की गट एकमेकांपासून होड्या लपवतात, आणि आपल्याला तर त्या एकमेकांनी बघायला हव्या असतात.

लेखन

'माझा आवडता प्राणी' हा निबंध बहुतेक वेळा गाईडमधून उतरतो. त्याऐवजी पिशवीतून तीन वस्तू काढा, उदाहरणार्थ किल्ली, तुटकी चप्पल, चिंच. १० मिनिटं जोडीत तोंडी गोष्ट. मग कागदाला दोन घड्या घालून चार चौकटी, चारांत चार चित्रं. त्यानंतरच प्रत्येक चित्राखाली एक वाक्य. पहिलीच्या मुलाने वाक्य सांगावं आणि तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहावं, शब्द सुधारून नव्हे. थेट 'गोष्ट लिहा' म्हटलं तर मुलाला सुचणं, क्रम लावणं आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणं ही तिन्ही कामं एकदम करावी लागतात आणि ते दोन ओळींत थांबतं.

पहिल्या मसुद्यावर लाल पेन चालवू नका. शुद्धलेखन महत्त्वाचं आहेच, पण त्याचा दिवस वेगळा ठेवा, आणि त्या दिवशीही एकच गोष्ट तपासा. या आठवड्यात फक्त पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात फक्त शब्दांतलं अंतर. चित्रकला आणि हस्तकलेलाही हेच लागू. फळ्यावर नमुना काढला की वर्गभर तोच नमुना मिळतो. दाखवायचंच असेल तर एकमेकांपेक्षा वेगळे तीन नमुने दाखवा आणि काम सुरू होण्याआधी काढून घ्या.

नोंदी, पालक, भेटीला येणारे साहेब

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकणं चालू असतानाच होणाऱ्या मूल्यमापनाच्या, आठ साधन-तंत्रांत दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं आहेच, म्हणजे वरच्या कामांसाठी वेगळी परवानगी किंवा वेगळी वही लागत नाही. रोज चार मुलं ठरवून फक्त त्यांचीच एकेक ओळ लिहा. सोमवार ते शनिवार २४ मुलं होतात. 'चांगली प्रगती' लिहू नका, पाहिलेलं लिहा: '५२ − २७ पैशांच्या रीतीने केलं, काड्यांनी अडला.' 'होडीच्या कडा उंच करण्याची कल्पना हिची.' सत्राअखेर वर्णनात्मक नोंदी भरताना याच ओळी कामाला येतात. कल्पकतेला गुण देऊ नका. गुण लावले की मूल तुम्हाला काय आवडेल ते शोधू लागतं.

पालकांची तक्रार ठरलेली असते: 'वही कोरी आहे, दिवसभर खेळवतात.' ती गैर नाही. त्यांच्याकडे शाळेत काय झालं हे कळायला वहीशिवाय दुसरं साधन नसतं. म्हणून प्रत्येक कृतीनंतर पाच मिनिटं वहीत: तारीख, एक चित्र, 'आज आम्ही शोधलं की...' असं एक वाक्य. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत अहवाल वाचण्याऐवजी पालकांच्या हातात प्लॅस्टिसिन आणि चिंचोके द्या.

केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले आणि वर्गात गलका असला तर वर्ग गप्प करायची घाई करू नका. कामाचा आवाज आणि गोंधळ यांतला फरक त्यांनाही कळतो. एका गटाला 'काय करताय ते साहेबांना दाखवा' म्हणा आणि दुसऱ्या गटाकडे वळा. गोंधळच असेल, तर कारण बहुधा तीनांपैकी एक असतं: साहित्य कमी पडलं, सूचना एकदम चार दिल्या, किंवा लवकर आटोपलेल्यांना पुढचं काम नव्हतं. तिन्हींवरही उपाय आदल्या दिवशीच्या टाचणातच करावा लागतो. वर्ग शांत करायला आरडाओरडा करू नका. टाळीची एक ठरलेली चाल ठेवा, तुम्ही दोन वाजवल्या की मुलांनी तीन, आणि हातातलं खाली. ही खूण पहिल्या आठवड्यात काम नसतानाच रोज दोनदा खेळ म्हणून घ्या.

पहिल्या महिन्याचा क्रम असा ठेवा. पहिला आठवडा फक्त पाच मोजणं, नावांच्या काड्या आणि टाळीची खूण. दुसऱ्यात रोज एक वळवलेला प्रश्न आणि सुतळीवरची पुस्तकं. तिसऱ्यात चारांचे गट, तेही दिवसातून एकाच तासाला, शक्यतो मधल्या सुट्टीआधी. चौथ्या आठवड्यात एकच मोठी कृती, वजाबाकी किंवा होडी, दोन्ही नको. काड्यांचे गठ्ठे मात्र आधीच्या शनिवारी मुलांकडूनच बांधून घ्या. ४२० काड्या दहा-दहाने मोजताना दशकाचा निम्मा धडा तिथेच होतो.